ग्रीक राजकन्येचं माहेर

प्रश्न थोडक्यात असा: प्राचीन ग्रीसमधल्या एका राजकन्येवर दोन अंकी नाटक लिहायचं आहे. ती पडद्यात राहायची का, लिहायला-वाचायला शिकायची का, हातात स्वतःचा पैसा असायचा का, आणि नवरा कोण ठरवायचं?

पंचवीस वर्षं कॉलेजात प्राचीन इतिहास शिकवला. हा प्रश्न दरवर्षी कुणी ना कुणी विचारायचंच, आणि विचारणाऱ्याच्या डोळ्यांपुढे दरवेळी तेच चित्र असायचं: पांढरी वस्त्रं, संगमरवरी खांब, आतल्या दालनात बसलेली मुकी बाई. ताई, नाटकाचं पहिलं पान लिहिण्याआधी गाव आणि शतक ठरवून घ्या. आतल्या दालनातली ती बाई अथेन्सच्या खात्यापित्या नागरिकाची बायको आहे. पाचव्या-चौथ्या शतकातल्या अथेन्सला राजघराणं नव्हतंच. राजकन्या हवी असेल तर स्पार्टा, मॅसिडोनिया, एपिरस, सिराक्यूज, नाहीतर अलेक्झांडरनंतरचं इजिप्त, इकडे जावं लागेल. (पुढची सगळी सालं इसवी सनापूर्वीची आहेत, दरवेळी लिहीत बसत नाही.)

दुसरी गोष्ट. तुमच्या प्रश्नात शेवटी नवरा आला आहे. बहुतेकांची सुरुवातच त्याच्यापासून होते आणि तिथेच गाडी चुकते. या बायकांचं आयुष्य समजून घ्यायचं तर माहेरापासून सुरुवात करा.

उत्तर ग्रीसमधलं व्हर्जिना गाव म्हणजे मॅसिडोनियाच्या राजांची जुनी राजधानी ऐगाई. तिथे युक्लिया देवीच्या ठाण्यात मूर्तीची संगमरवरी बैठक सापडली. तिच्यावर मजकूर एवढाच: ‘युरिडिकी, सिर्रासची मुलगी, युक्लियाला’. ही युरिडिकी राजा अमिन्तासची बायको. तिचे तिन्ही मुलगे एकामागून एक गादीवर बसले, त्यांतला धाकटा फिलिप, म्हणजे ती अलेक्झांडरची आजी. नवऱ्याचं नाव लावता आलं असतं, मुलाचंही लावता आलं असतं. दगडावर नाव आहे ते वडिलांचं. ‘राणी’ हा शब्दही नाही, कारण त्या काळी मॅसिडोनियात राजाच्या बायकोला पदवीच नव्हती. ‘बासिलिस्सा’ हा किताब आला तो ३०६ नंतर, अलेक्झांडरचे सेनापती स्वतःला राजे म्हणवून घ्यायला लागले तेव्हा. तोवर बाईची ओळख म्हणजे अमक्याची लेक.

लग्नाने ही ओळख पुसली जात नसे. राजकन्या सासरी जायची ती जिवंत तहनाम्यासारखी. माहेर बळकट असेल तोवर तहाला किंमत. माहेर ढासळलं की तिचीही किंमत गेली.

आता नवरा कोण ठरवायचं ते. बाप ठरवायचा, तो नसेल तर भाऊ. आपल्याकडच्या स्वयंवराची आठवण करून देणारी एक गोष्ट ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने सांगितली आहे, ती तुम्हाला रंगमंचावर नक्की उपयोगी पडेल. सिक्योन या ग्रीक शहराचा सत्ताधीश क्लेइस्थेनिस. ऑलिंपियाला चार घोड्यांच्या रथाची शर्यत जिंकल्यावर त्याने तिथेच दवंडी पिटवली की, माझा जावई व्हायला लायक आहे असं ज्याला वाटत असेल त्याने साठ दिवसांच्या आत सिक्योनला यावं. ग्रीक जगाच्या कानाकोपऱ्यांतून मुलं आली. त्याने त्यांना वर्षभर घरी ठेवून घेतलं. धावपट्टी बांधली, कुस्तीचा आखाडा बांधला, आणि सगळ्यात बारीक नजर ठेवली ती जेवताना. अथेन्सचा हिप्पोक्लेइडिस त्याला पसंत पडत चालला होता. निकालाच्या दिवशी शंभर बैलांचा बळी देऊन गावजेवण घातलं. दारू चढली तसं हिप्पोक्लेइडिसने पावा वाजवणाऱ्याला सूर धरायला लावला आणि नाचू लागला. मग टेबल मागवलं आणि त्यावर चढून नाचला, शेवटी टेबलावर डोकं टेकून पाय वर केले आणि हवेत पायांनीच हातवारे सुरू केले. सासरा होऊ घातलेला माणूस म्हणाला, “पोरा, नाचता नाचता लग्न घालवलंस.” उत्तर आलं, “हिप्पोक्लेइडिसला त्याचं काय!” मुलगी अथेन्सच्या मेगाक्लिसला दिली, बाकीच्यांना प्रत्येकी एक टॅलेंट, म्हणजे सुमारे २६ किलो चांदी देऊन वाटेला लावलं.

एवढ्या लांबलचक कथेत मुलगी, अगारिस्ती, एक शब्द बोलत नाही. वरमाला नाही, निवड नाही, ती तिथे हजर होती का तेही हेरोडोटस सांगत नाही. वर्षभर नेमकं काय तोललं जात होतं तर सोयरीक. आणि ती फळलीही: तिचा मुलगा दुसरा क्लेइस्थेनिस, ज्याने अथेन्सच्या लोकशाहीची घडी बसवली, आणि तिच्याच नावाची नात ही अथेन्सचा पुढारी पेरिक्लिस याची आई. मी नाटककार असतो तर सगळा गोंधळ विंगेत ठेवला असता आणि रंगमंचावर फक्त ऐकणारी अगारिस्ती. असो, नाटक तुमचं आहे.

सवतींबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण त्यांच्याशिवाय मॅसिडोनिया कळायचा नाही. फिलिपने सात लग्नं केली. इलिरियाची औदाता, एलिमियाची फिला, थेस्सलीतल्या दोघी (निकेसिपोलिस आणि फिलिन्ना), एपिरसची ओलिंपियास, गेताए जमातीची मेदा, आणि शेवटी खुद्द मॅसिडोनियातल्या सरदारघराण्यातली तरुण क्लिओपात्रा. नकाशा घेऊन बसलात तर ही यादी म्हणजे त्याच्या सरहद्दींची यादी आहे. पट्टराणी असा प्रकार नव्हता. जिचा मुलगा गादीवर येणार, ती मोठी. त्यामुळे या घरात नवरा-बायकोपेक्षा आई आणि मुलगा हीच खरी जोडी.

ओलिंपियासचं मूळ नाव हे नव्हे. पॉलिक्सेना, मिर्ताली, ओलिंपियास, स्ट्रॅटोनिकी अशी तिची चार नावं प्राचीन चरित्रकार प्लुटार्क देतो. ३५६ मध्ये फिलिपचा घोडा ऑलिंपियाला जिंकला, ओलिंपियास हे नाव त्यावरूनच पडलं असं बहुतेक अभ्यासक मानतात. लग्नानंतर नाव बदलण्याची तऱ्हा मराठी वाचकाला समजावून सांगायला नको.

३३७ मध्ये फिलिपचं सातवं लग्न झालं. मेजवानीत नवरीचा चुलता अत्तालस प्याला उंचावून म्हणाला, आता मॅसिडोनियाला औरस वारस मिळू दे. अलेक्झांडरने “मग मी कोण?” म्हणत त्याच्या तोंडावर प्याला फेकला. फिलिप तलवार उपसून मुलावर धावला आणि दारूच्या नशेत पडला. हा प्रसंग सगळ्यांना ठाऊक असतो, पुढचा नसतो. ओलिंपियास उठून माहेरी गेली, एपिरसला, जिथे तिचा सख्खा भाऊ राजा होता. आता माहेर आणि सासर यांच्यात युद्ध होणार अशी चिन्हं. फिलिपने काय करावं? ओलिंपियासपासून झालेली आपली मुलगी, तिचंही नाव क्लिओपात्रा, त्याच भावाला देऊन टाकली. मामा-भाचीचं लग्न, सोलापूरच्या पलीकडे यात कुणाला नवल वाटायचं नाही. पण डाव बघा. मेहुण्याला जावई करून घेतल्यावर बहिणीसाठी तो फौज कशाला काढेल? एका लग्नात फिलिपने बायकोचं माहेर तोडलं. ३३६ मध्ये ऐगाईला याच लग्नाच्या सोहळ्यात, भर नाट्यगृहात, त्याच्याच अंगरक्षकाने त्याला भोसकलं. ओलिंपियासचा त्यात हात होता अशी कुजबूज तेव्हाही होती. मला स्वतःला पटत नाही. पण नाटकाला कुजबूज पुरते.

आता घरातलं. राजाच्या लेकी दिवसभर काय करायच्या? लोकर पिंजायच्या, चातीवर सूत काढायच्या, मागावर विणायच्या. दासी होत्या, तरीही. ग्रीक माग उभा असतो. वर आडवी दांडी, तिच्यावरून उभे धागे खाली सोडलेले आणि ताण राहावा म्हणून त्यांना मातीची वजनं बांधलेली. विणणारी उभी राहून, मागापुढे येरझारा घालत, वरून खाली विणत येते, आणि हलवलं की वजनं एकमेकांवर आपटून टकटक वाजतात. बसून विणणारी राजकन्या दाखवलीत तर जाणकार हसतील. तो आवाज मात्र जरूर वापरा. अलेक्झांडरची एक गंमत आहे. इराणचा सम्राट दारियस याची आई सिसिगाम्बिस कैदेत होती आणि अलेक्झांडर तिला फार मान द्यायचा. मॅसिडोनियाहून आलेली वस्त्रं त्याने तिला पाठवली, वर निरोप की आवडली तर नातींनाही असं विणायला शिकवा. म्हातारीच्या डोळ्यांत पाणी आलं, कारण इराणी घरंदाज बाईला लोकरीला हात लावण्यासारखा अपमान नाही. अलेक्झांडर धावत गेला आणि समजूत घालत म्हणाला, आई, मी अंगावर घातलंय ते माझ्या बहिणींनी नुसतं पाठवलेलं नाही, त्यांनीच विणलेलं आहे. ही हकीकत रोमन लेखक कुर्तियस देतो. तिला थोडा मसाला लावलेला असेल, पण ग्रीक घरात माग हा कमीपणा नव्हता हे त्यातून नीट कळतं.

शिक्षणाचं म्हणाल तर घराघराप्रमाणे. वर आलेली युरिडिकी मुलं मोठी झाल्यावर अक्षरं शिकली आणि त्याबद्दल तिने देवतांना अर्पणलेख वाहिला. प्लुटार्कच्या नावावरच्या एका निबंधात तो उतरवून घेतलेला आहे. इलिरियाच्या औदाताने मुलगी किन्नानीला युद्धकला शिकवली, किन्नानीने स्वतःच्या मुलीला, आदेआला. व्हर्जिनाला इसवी सन १९७७ मध्ये उघडलेल्या राजथडग्याच्या बाहेरच्या खोलीत सोन्याची पेटी मिळाली, तिच्यात जांभळ्या-सोनेरी कापडात गुंडाळलेल्या स्त्रीच्या अस्थी आणि त्याच खोलीत सोन्याने मढवलेला बाणांचा भाता. भाता तिचाच की पलीकडच्या खोलीतल्या पुरुषाचा, यावर विद्वानांची अजून जुंपलेली आहे. तिथलं संग्रहालय मातीच्या टेकडीच्या पोटात आहे, आत मुद्दाम अंधार ठेवलाय, आणि त्या भात्यापुढे उभं राहिलं की वादात कुणाची बाजू घ्यावी ते पटकन सुचत नाही.

स्पार्टाची तऱ्हा निराळी. तिथे मुली उघड्यावर व्यायाम करायच्या आणि जमिनीच्या मालक असायच्या. ॲरिस्टॉटल तक्रारीच्या सुरात सांगतो की स्पार्टाची दोन पंचमांश जमीन बायकांच्या हातात गेली आहे. राजा अगेसिलाउसची बहीण किनिस्का हिने स्वतःचे घोडे पाळले. ३९६ आणि ३९२ मध्ये तिचा चार घोड्यांचा रथ ऑलिंपियाला पहिला आला. लगाम अर्थातच सारथ्याच्या हाती. बक्षीस घोड्यांच्या मालकाला मिळायचं, म्हणून तिला मिळालं. तिथे तिने कोरून घेतलं: स्पार्टाचे राजे माझे वडील आणि भाऊ, आणि साऱ्या ग्रीसच्या स्त्रियांत हा मुकुट जिंकणारी मी एकटी. इथेही आधी माहेर.

पैशाबद्दल एक फरक सांगतो, तो मनात ठेवला तर बाकीचं आपोआप कळेल. अथेन्सच्या कायद्याने नागरिकाची बायको स्वतःच्या जोरावर एक मेदिम्नोस जवापेक्षा जास्त किमतीचा व्यवहार करू शकत नव्हती. मेदिम्नोस म्हणजे साधारण ५२ लिटरचं माप, गहू असेल तर ४० किलोंचं पोतं. आणि त्याच चौथ्या शतकात, दुष्काळाच्या वर्षांत, उत्तर आफ्रिकेतल्या किरिनी शहराने ग्रीसला धान्य पाठवलं त्याची शिलालेखात यादी आहे. त्यात अथेन्स शहराच्या नावावर १,००,००० मेदिम्नोस, ओलिंपियासच्या नावावर ६०,००० आणि तिची मुलगी क्लिओपात्रा हिच्या नावावर ५०,०००. यादीत बाकी सगळी शहरं आणि राज्यं. माणसांची नावं या दोघींचीच, आणि त्यांच्यापुढे कुठल्याही पुरुषाचा उल्लेख नाही. धान्य अर्थात त्या खाणार नव्हत्या. एपिरस आणि मॅसिडोनियाच्या लोकांना पुरवठा करणारं घर म्हणून त्यांची नावं होती. राजवाडा हेच सरकार असेल तर घरात बसलेली बाई सरकारात बसलेली असते.

तेव्हा अलेक्झांडर आशियात होता आणि आईची पत्रं त्याचा पाठलाग करत होती. राज्य सांभाळणाऱ्या अँटिपाटरशी तिचं हाडवैर. अलेक्झांडर एकदा वैतागून म्हणाला होता म्हणे, पोटात दहा महिने ठेवल्याचं (ग्रीक हिशेब दहाचा) आई भाडं फार जबर वसूल करते.

तो ३२३ मध्ये गेला आणि घरातल्या सगळ्या बायका एकदम उघड्यावर आल्या. किन्नानी मुलगी आदेआला घेऊन आशियात निघाली. अलेक्झांडरचा सावत्र भाऊ अर्हिदायस आता नावापुरता राजा होता, त्याच्याशी मुलीचं लग्न लावायचं म्हणून. वाटेत सेनापती पेर्डिकासच्या भावाने तिला मारलं. फिलिपच्या लेकीवर हात उचललेला बघून सैनिक इतके खवळले की लग्न लावून द्यावंच लागलं. ३१७ मध्ये आदेआ आणि ओलिंपियास समोरासमोर आल्या. पंधरा-सोळा वर्षांनी मोठी नव्हे, चांगली आजीच्या वयाची ओलिंपियास, आणि विशीच्या आसपासची आदेआ. एका जुन्या लेखकाने याला बायकांमधलं पहिलं युद्ध म्हटलंय. त्याच्या म्हणण्यानुसार ओलिंपियास ढोल वाजवत मद्यदेव डायोनिससच्या भक्तिणीसारखी आली, आदेआ मॅसिडोनियन सैनिकाच्या वेषात. लढाई झालीच नाही. समोर अलेक्झांडरची आई बघून आदेआचं सैन्य तिकडे गेलं. ओलिंपियासने अर्हिदायसला मारवलं आणि कैदेतल्या सावत्र सुनेला तलवार, फास आणि विष पाठवलं, हवं ते निवड म्हणून. आदेआने नवऱ्याचं प्रेत जमेल तसं सावरलं आणि स्वतःच्याच कमरपट्ट्याने गळफास घेतला.

वर्षभरात ओलिंपियासची पाळी. अँटिपाटरचा मुलगा कासांडर याने तिला पिद्नाच्या किल्ल्यात कोंडलं. धान्य इतकं संपलं की हत्तींना लाकडाचा भुसा घालत होते. माहेरहून एपिरसचा राजा मदतीला निघाला. त्याच्याच फौजेने बंड केलं आणि मदत अर्ध्या वाटेत विरली. ३१६ मध्ये ती शरण आली. मारायला पाठवलेले दोनशे सैनिक तिला बघून परत फिरले, म्हणून तिने ज्यांची माणसं मारली होती त्या नातलगांकडून कासांडरने ते काम करून घेतलं.

इजिप्तच्या टॉलेमी घराण्यात या सगळ्यावर एक विचित्र तोड निघाली. अर्सिनोई ही पहिल्या टॉलेमीची, म्हणजे इजिप्तचा राजा झालेल्या अलेक्झांडरच्या सेनापतीची मुलगी. अलेक्झांडरचाच दुसरा सेनापती, साठीच्या घरातल्या लिसिमाखसला दिली. २८१ मध्ये तो लढाईत पडला, तेव्हा इफेससमध्ये तिने दासीला आपली वस्त्रं घालून पालखीत बसवलं आणि स्वतः फाटक्या कपड्यांत गलबत गाठलं. पालखीतली दासी मारली गेली. तिचं नाव कुणीही टिपून ठेवलेलं नाही. मग सावत्र भाऊ केराउनोस याने लग्नाची गळ घातली. तिने आपल्या ताब्यातल्या शहराचे दरवाजे उघडले, आणि त्याने तिचे दोन धाकटे मुलगे तिच्या मिठीत मारले. ती इजिप्तला परतली आणि तिथे सख्ख्या भावाची, दुसऱ्या टॉलेमीची, बायको झाली. ग्रीक लोक हादरले. सोतादिस नावाच्या कवीने त्यावर अश्लील ओळ रचली, तर त्याला शिशाच्या पिंपात घालून समुद्रात बुडवला. पण अर्सिनोईच्या बाजूने बघा: माहेर आणि सासर एकच झालं, आता तुटायला काही उरलं नाही. तिची नाणी निघाली, देवळं झाली, फायूम प्रांताला तिचं नाव दिलं गेलं. तिच्यानंतरची बेरेनिकी तर आकाशात गेली. नवरा युद्धाहून सुखरूप यावा म्हणून तिने केस कापून वाहिले आणि दरबारी ज्योतिषी कोनोनने ते ताऱ्यांत शोधून दाखवले. आपण त्या तारकासमूहाला अरुंधती केश म्हणतो.

जाता जाता एक. चंद्रगुप्त मौर्याच्या ग्रीक राणीला मालिकांतून ‘हेलेना’ म्हणतात, ते नाव तुमच्या नाटकात आणू नका. प्राचीन लेखकांत एवढंच आहे की अलेक्झांडरचा सेनापती सेल्युकस याने सोयरिकीचा करार केला आणि ५०० हत्ती घेतले. हत्तींचा आकडा राहिला, मुलीचं नाव नाही.

मला निवडायला सांगाल तर मी अलेक्झांडरच्या सख्ख्या बहिणीला घेईन, त्या मामाला दिलेल्या क्लिओपात्राला. ऐन लग्नाच्या सोहळ्यात बाप मेला. नवरा इटलीत लढताना गेला. मग तिने काही काळ एपिरस सांभाळलं. भाऊ मेल्यावर ती आशिया मायनरमध्ये सार्डिसला जाऊन राहिली आणि अलेक्झांडरच्या बड्या सेनापतींपैकी जवळजवळ प्रत्येकाने तिला मागणी घातली, कारण तिच्याशी लग्न म्हणजे फिलिपचं जावईपण. कित्येक वर्षं ती त्या शहरात, शेवटी त्यांतल्याच अँटिगोनस या सेनापतीच्या पहाऱ्यात. ३०८ मध्ये तिने इजिप्तच्या पहिल्या टॉलेमीकडे जायचं ठरवलं आणि शहराबाहेर पडायचा प्रयत्न केला. अँटिगोनसच्या सुभेदाराने तिला अडवलं. मग तिच्या अवतीभवतीच्या काही बायकांनीच तिला मारलं. अँटिगोनसने त्या बायकांना देहदंड दिला आणि राजकन्येला शोभेल अशी थाटाची अंत्ययात्रा काढली. तिच्या मागून चालायला रक्ताचं कोण होतं, तेवढं तुम्ही शोधा. माझ्या मोजणीत फिलिपच्या लेकरांपैकी सावत्र बहीण थेस्सलोनिकी एकटी उरते, आणि ती तेव्हा कासांडरची बायको होती.